ओव्हिएदोहून पायी, आस्तुरियासच्या डोंगरांतून

स्पेनमधल्या सांतियागो दे कॉम्पोस्तेला या तीर्थाला पायी जाणाऱ्या वाटा बऱ्याच आहेत. त्यांतली ‘कामिनो प्रिमितिव्हो’ सर्वांत जुनी मानतात. नवव्या शतकात राजा दुसरा आल्फोन्सो ओव्हिएदोहून याच बाजूने संत याकोबाच्या समाधीला गेला, असं परंपरा सांगते. सुमारे 320 किलोमीटरपैकी जवळपास निम्मी चाल उत्तर स्पेनच्या आस्तुरियासमध्ये आहे, आणि तिथे पायाला सपाटी अशी मिळतच नाही.

पाऊसही पाठ सोडत नाही. समुद्रावरून येणारे ढग कांताब्रियन रांगेला अडतात, म्हणून अलीकडचा उतार हिरवागार आणि पलीकडचं कास्तियाचं पठार कोरडं. नांगरायला जमीन थोडी, गवत उदंड. त्यामुळे गावं गाईंवर जगतात. घरापाशी दगडी खांबांवर उभी लाकडी ‘ओर्रेओ’ असते, धान्याची कोठी. उंदीर चढू नयेत म्हणून प्रत्येक खांबावर रुंद सपाट दगड. कित्येक कोठ्या रिकाम्या दिसल्या, शेजारची घरंही कुलपात.

तिनेओच्या अलीकडे एका आजींनी बाटलीत पाणी भरून दिलं. “मुलगा खाणीत होता, आता हिखोनला असतो,” म्हणाल्या. या भागात अँथ्रासाइट, म्हणजे कठीण दगडी कोळसा, निघायचा. 2018 च्या अखेरीस युरोपीय संघाच्या नियमांमुळे सरकारी अनुदान थांबलं आणि स्पेनमधल्या बहुतेक कोळसा खाणी बंद झाल्या.

बोर्रेसनंतर मी ओस्पितालेसची डोंगरधारेवरची वाट धरली. जुन्या यात्रेकरूंच्या धर्मशाळांचे पडके चौथरे, मोकळे सोडलेले घोडे आणि वारा, बाकी काही नाही. पंढरीच्या वाटेवर दिंडी माणसाला ओढून नेते. इथे आपला अभंग आपणच म्हणायचा. पुढे पालो खिंडीजवळ डोंगराला मोठी खोक पडलेली दिसते. रोमनांनी सोन्यासाठी हा कडा फोडला. मग नाविया नदीवरचं सालिमे धरण, ज्याच्या पाण्याखाली जुनं सालिमे गाव गेलं. शेजारच्या गॅलिसिया प्रांताच्या हद्दीवर, आसेबो खिंडीत, पवनचक्क्या. सोनं, कोळसा, वीज, सगळं डोंगराने दिलं आणि सगळं खाली गेलं. याचा मला राग येतो.

आज या गावांतली खानावळ आणि किराणा दुकान टिकायला चालणाऱ्यांचाही हातभार लागतो. म्हणून जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे: ओव्हिएदोतच पिशवी भरू नका. पाव, चीज, फळं वाटेवरच्या गावांतून घ्या. फक्त ओस्पितालेसच्या टप्प्यावर दुकान नाही, तिथलं खाणं-पाणी आदल्या दिवशीच बांधून ठेवा.