वरचा भाग तापवा, खालचा तसाच ठेवा

लघवी तपासायच्या स्ट्रिप संपल्या की आमच्या ग्रामीण रुग्णालयात दोनच गोष्टी होतात. एक तर रिपोर्टवर 'उपलब्ध नाही' असा शिक्का पडतो, नाहीतर कुणीतरी कपाटातला स्पिरिट लॅम्प शोधायला लागतं. इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, कधीच गेलेलं असतं आणि 'वरूनच आलं नाही' हे स्टोअरचं उत्तरही आम्हाला पाठ असतं. मी लॅम्प शोधणाऱ्यांतली.

त्या दिवशी ओपीडीतून सहा वर्षांच्या मुलाचं सॅम्पल आलं. डोळे सुजलेले, पोट तट्ट, पावलावर अंगठा दाबला की खड्डा तसाच. गावातल्या डॉक्टरांनी आधी ॲलर्जीचं औषध दिलं, मग लघवी होण्याची गोळी. गोळीने सूज उतरायची, बंद केली की पुन्हा हजर. आई म्हणाली, "ताई, डॉक्टर म्हणतात पाणी निघतंय म्हणजे रोग निघतोय. पण मोरीत फेस होतो, तांब्याभर पाणी ओतलं तरी जात नाही." एवढी नेमकी हिस्ट्री मला केसपेपरवर क्वचितच वाचायला मिळते.

टेस्ट ट्यूब पाऊण भरायची, बुडाशी धरायची आणि तिरकी करून फक्त वरचा भाग ज्योतीवर फिरवायचा. खालचा थंड भाग तुलनेसाठी राहतो. ट्यूबचं तोंड कुणाकडेही करायचं नाही, कारण लघवी उसळते. नवी पोरं हे एकदा चेहऱ्यावर उडाल्याशिवाय शिकत नाहीत. वर पांढरं दिसलं म्हणून लगेच रिपोर्ट लिहायचा नाही. फॉस्फेटही तापवल्यावर पांढरं होतं. मग ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकायचे. निवळलं तर फॉस्फेट, राहिलं तर अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, जे मूत्रपिंड बिघडलं की लघवीत गळतं. पुसटसं असेल तर मागे काळा कागद धरायचा. या मुलाच्या वेळी कागदाची गरजच पडली नाही. वरच्या भागात गुठळ्या धरल्या आणि ॲसिड टाकूनही त्या हलल्या नाहीत.

हीच गोष्ट 1764 साली नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या डॉक्टराने छापली. पुस्तक सायटिकावरचं, आणि त्यात मध्येच 28 वर्षांच्या एका सैनिकाची केस. अंगभर सूज, आणि लघवी भरपूर सुटलेली. कोतुन्योने त्यातली दोन पाइंट विस्तवावर ठेवली. निम्मी आटते न आटते तोच अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा गोळा तयार. सुजेचं पाणी तापवलं की गोठतं हे त्याला ठाऊक होतं. लघवीही गोठली, तेव्हा त्याने हिशोब मांडला की सुजेचंच पाणी या वाटेने बाहेर पडतंय. म्हणजे चांगलंच लक्षण!

मी इथेच अडकते. तपासणी बिनचूक, निष्कर्ष अगदी उलटा. मूत्रपिंडावर त्याला संशयच आला नाही, कारण त्या काळी सूज हाच रोग होता. मूत्रपिंडाची तक्रार म्हणजे खडा, वाळू, कळा, रक्त. खड्यावर तर 1739 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने जोआना स्टीव्हन्स नावाच्या बाईला तिच्या औषधाचं गुपित सांगण्याबद्दल 5000 पौंड मंजूर केले. आत काय, तर भाजलेली अंड्याची टरफलं, गोगलगायी, साबण आणि झाडपाला. (सरकारी खरेदीबद्दल मी आणखी काही बोलत नाही.) सुजेवर जुलाब, रक्त काढणं, रानकांदा. 1785 मध्ये विदरिंग या इंग्लिश डॉक्टराने डिजिटॅलिस हे झाडापासूनचं औषध आणलं, पण ते हृदयामुळे सुजलेल्यांना लागू पडायचं, इतरांना नाही. सगळेच सुजलेले, मग ओळखायचं कसं? 1798 मध्ये लंडनच्या क्रुकशँकने नोंदवलं की काही सुजलेल्यांची लघवी तापवल्यावर गोठते, यकृत बिघडलेल्यांची गोठत नाही. तरीही बोट मूत्रपिंडावर ठेवायला 1827 साल उजाडलं. लंडनचा डॉक्टर रिचर्ड ब्राइट चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवायचा, आणि रोगी गेला की शवविच्छेदनात मूत्रपिंडं बघायचा.

कोतुन्योला मी माफ केलंय. आमच्या गावच्या डॉक्टरांना नाही. त्यांचं वाक्य शब्दशः 1764 चं होतं, पण निदान कोतुन्योने लघवी तापवून तरी पाहिली होती.

आमच्या मेडिकल ऑफिसर मॅडम स्वतः लॅबमध्ये येऊन ट्यूब बघून गेल्या आणि मुलाला त्याच दुपारी जिल्हा रुग्णालयात पाठवलं. रक्तातलं अल्ब्युमिन घसरलेलं, कोलेस्टेरॉल चढलेलं, म्हणजे नेफ्रॉटिक सिंड्रोम, मूत्रपिंडातून प्रथिन गळण्याचा आजार. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं आणि लघवी निवळली. हा आजार लहान मुलांत पुन्हा उलटतो, म्हणून मी त्याच्या आईला गॅसवर ट्यूब तापवायला आणि ॲसेटिक ॲसिडऐवजी व्हिनेगर टाकायला शिकवलं. रोज सकाळची पहिली लघवी, आणि जे दिसेल ते वहीत.

परवा तिचा फोन आला. आवाज घाबरलेला. "ताई, आज वर पांढरं आलंय."

"व्हिनेगर टाकलं का?"

"ते राहिलंच."

टाकलं, आणि निवळलं. वहीत 'नाही' लिहायला सांगितलं.