चार नटांची मस्टँग

डेट्रॉइटजवळच्या डिअरबॉर्न या गावात, जिथे फोर्डच्या कारखान्यातून मस्टँग बाहेर पडली, तिथेच राहत असताना १९६५ सालची एक मस्टँग मी घेतली आणि जुन्या अमेरिकन गाडीचे सुटे भाग केवळ सालावरून मागवू नयेत, हे पहिल्याच महिन्यात शिकलो. झिजलेले टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा पुढच्या चाकांशी जोडणारे सांधे, बदलण्यासाठी मी '१९६५, व्ही-८ (आठ सिलिंडरचे इंजिन)' असे सांगून नवे मागवले; परंतु त्यांचा निमुळता दांडा स्पिंडलच्या, म्हणजे पुढचे चाक ज्यावर फिरते त्या भागाच्या, छिद्रात बसेना, कारण तो जाड होता.

उलगडा झाला तो बॉनेटखाली डावीकडच्या पत्र्यावर ठोकलेल्या क्रमांकामुळे. त्यातील पहिला अंक साल सांगतो, पुढचे अक्षर कारखाना, नंतरचे दोन अंक बॉडीचा प्रकार आणि पाचवे अक्षर इंजिन. माझ्या गाडीवर तिथे 'टी' आहे, म्हणजे ती कारखान्यातून ३.३ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन घेऊन निघाली होती; आज तिच्यात बसलेले ४.७ लिटरचे व्ही-८ इंजिन कोणीतरी नंतर बसवलेले आहे. चाकांना चारच नट आहेत, ही खूण मी आधीच ओळखायला हवी होती. व्ही-८ गाडीला पाच नट असत, पुढचे ब्रेक ड्रम ९ ऐवजी १० इंचांचे असत आणि स्पिंडलही अधिक दणकट असे. वजनदार इंजिन हलक्या स्पिंडलवर आणि लहान ब्रेकवर चालवणे मला धोक्याचे वाटते. म्हणून जुन्या स्पिंडलला जुळणारे बारीक टाय रॉड एंड आणून वेळ निभावण्याचा विचार मी सोडून दिला.

फोर्डच्या सुट्या भागांचे क्रमांक वाचता येणे हीसुद्धा एक विद्याच आहे आणि मला तिची गोडी लागली आहे. 'सी ५ झेड झेड' या सुरुवातीत 'सी' म्हणजे १९६० चे दशक, ५ म्हणजे १९६५, पहिला 'झेड' म्हणजे मस्टँग आणि दुसरा म्हणजे सुट्या भागांचा विभाग. तिसऱ्या जागी 'डी' दिसला, तर तो भाग मुळात फोर्डच्याच फाल्कन या गाडीसाठी आखलेला असतो. मस्टँग फाल्कनच्याच पायावर उभी राहिल्यामुळे असे अनेक भाग दोन्ही गाड्यांना चालतात. मात्र प्रत्यक्ष लोखंडावर उठवलेला क्रमांक हा बहुधा अभियांत्रिकी विभागाचा असतो आणि तो विक्रीच्या क्रमांकाशी जुळेलच असे नाही.

स्प्रिंगच्या बाबतीतही इंजिनाचे वजन पाहावे लागते. मागे आपल्याकडच्या ट्रकसारखेच पाटे आहेत, पुढे मात्र वरच्या कंट्रोल आर्मवर, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या हातावर, कॉइल स्प्रिंग उभी असते आणि ती सहा सिलिंडरच्या गाडीतली असेल, तर व्ही-८ च्या भाराखाली नाक खाली झुकते. शिवाय खालचा बॉल जॉइंट (आर्म आणि स्पिंडल जोडणारा गोल सांधा) आर्ममध्येच बसवलेला असल्याने तो झिजला की सहसा पूर्ण आर्मच बदलतात.

आता व्ही-८ चे स्पिंडल, १० इंची ड्रम, कॉइल स्प्रिंग आणि टाय रॉड एंड असा पूर्ण संच मागवला आहे. पुढे पाच नट आणि मागे चार, असे ठेवता येत नाही, म्हणून मागचा ॲक्सलही शोधतो आहे. तो मिळेपर्यंत गाडी घोडीवरच राहील.