ढगाळ दिवसाला ऊन लावताना

बहिणीचा खिडकीपाशी काढलेला फोटो. आभाळ भरलेलं, त्यामुळे चेहरा अगदी फिका. काल रात्री फोटोशॉपमध्ये ऊन पाडायला बसले. नवा लेअर, म्हणजे फोटोवरचा वेगळा थर, काळ्या रंगाने भरला, ब्लेंड मोड (थर खालच्या फोटोत मिसळायची पद्धत) 'स्क्रीन' केला की काळं दिसेनासं होतं. त्यावर मोठ्या मऊ ब्रशने केशरी ठिपका, ओपॅसिटी (अपारदर्शकता) 30 टक्के. छान! तरी काहीतरी खटकत होतं. अर्ध्या तासाने ट्यूब पेटली: ऊन डावीकडून आणि नाकाची हलकी सावलीही डावीकडेच! ठिपका उजवीकडे सरकवला. मग कानामागच्या सुट्या केसांवर बारीक ब्रशने दोन-तीन सोनेरी रेघा ओढल्या आणि चेहऱ्यात जीव आला. लेन्स फ्लेअरच्या, म्हणजे लेन्समध्ये ऊन शिरल्यासारख्या चकाकीच्या, वाटेला गेले नाही, उगाच नटवल्यासारखं दिसतं.

बहीण म्हणाली, "ताई, त्या दिवशी ऊन होतं?"