आज रिपोर्ट दिला नाही

मावळातले एक काका आज धान्यातले फवारणीचे अंश तपासणाऱ्या आमच्या लॅबमध्ये आले. सोबत इंद्रायणी तांदळाची पिशवी. "ताई, भातावरच्या करपा रोगासाठी दोनदा औषध फवारलंय. नातीला पेज करून घालू ना?"

पहिला प्रश्न मी विचारला तो, तांदूळ किती पोत्यांतून काढला? एकाच, तेही वरवरचा. मग समजावून सांगितलं की प्रत्येक पोत्यातून वरचा, मधला, खालचा थोडाथोडा घेऊन एकत्र कालवायचा. नमुनाच चुकला तर पुढचं महागडं मशीन काय करणार? काका दुपारी बसने परत जाऊन नीट नमुना घेऊन आले. फार बरं वाटलं.

तांदूळ दळला, 5 ग्रॅम पीठ नळीत. धान्य कोरडं असतं म्हणून आधी पाणी घालून भिजवायचं, मग औषधाचे अंश ओढून घेणारं अॅसिटोनायट्राइल हे द्रावक, मग क्षार. मॅग्नेशियम सल्फेट पडलं की नळी हातात चांगलीच गरम होते. काकांना काचेपलीकडून दाखवली.

करप्यावरच्या ट्रायसायक्लाझोल या औषधाची तांदळातली मर्यादा युरोपने 2018 पासून किलोला 0.01 मिलिग्रॅमवर आणली. म्हणजे एक टन तांदळात साधारण अर्ध्या दाण्याच्या वजनाएवढं औषध! तेवढं शोधायचं तर आपलं काम चोख हवं.

आणि आज ते नव्हतं. आपलीच चाचणी तपासायला मोजून औषध मिसळलेल्या नमुन्यात त्यातलं 58 टक्केच परत मिळालं, किमान 70 हवं. काकांच्या नमुन्याचा आकडा समोर दिसत होता, तरी सांगितला नाही. उद्या सकाळी पहिली नळी त्यांचीच.