मागचे ब्रेक पॅड आणि परवानगीचे पाच आठवडे

मोटारदुरुस्तीच्या कामात माझी सव्वीस वर्षे गेली आहेत आणि या काळात मागच्या चाकांचे ब्रेक पॅड मी किती वेळा बदलले असतील, याची मोजदाद करता येणार नाही. तरीही गेल्या वर्षी हेच पॅड बदलण्याची रीतसर परवानगी मिळवायला मला पाच आठवडे लागले. त्याचा राग अजून पुरता ओसरलेला नाही. परंतु माझ्यासारख्या इतर कारागिरांचे तेवढे दिवस वाचावेत, म्हणून जे घडले ते लिहून ठेवत आहे.

पॅड बदलायला परवानगी कशाला, हा प्रश्न जुन्या माणसाला पडणारच. पूर्वी हँडब्रेकची केबल सैल केली, पिस्टन मागे दाबला आणि पॅड बसवले की काम झाले. आता अनेक गाड्यांत केबलच्या जागी कॅलिपरवर, म्हणजे चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या भागावर, बसवलेली छोटी विद्युत मोटर असते. तिला आधी स्कॅनरवरून, म्हणजे गाडीच्या संगणकांशी जोडायच्या निदान-उपकरणावरून, आज्ञा देऊन मागे घ्यावे लागते आणि ब्रेकची यंत्रणा सर्व्हिस मोडमध्ये ठेवावी लागते. जुन्या सवयीने पिस्टन जोर लावून ढकलला तर मोटर किंवा तिचे गिअर निकामी होऊ शकतात. हे मला ठाऊक होते आणि चांगला स्कॅनरही माझ्याकडे होता. मात्र त्या दिवशी लिफ्टवर घेतलेल्या नव्या गाडीने माझ्या स्कॅनरला सगळे फॉल्ट कोड (बिघाडाचे सांकेतिक क्रमांक) वाचू दिले आणि मोटर मागे घेण्याची आज्ञा मात्र नाकारली.

याचे कारण म्हणजे स्कॅनर जोडायचा निदानाचा सॉकेट आणि गाडीतील ईसीयूंचे, म्हणजे निरनिराळे भाग चालवणाऱ्या छोट्या संगणकांचे, जाळे यांच्यामध्ये आता बसवले जाणारे सुरक्षा गेटवे. अशा गेटवेमुळे माहिती वाचता येते, पण कोड पुसणे, एखादा भाग चालवून पाहणे किंवा नव्या भागाची नोंद करणे यासाठी ओळख पटवून लॉगिन करावे लागते. हे कुलूप अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. २०१५ साली दोन सुरक्षा-संशोधकांनी धावत्या गाडीचा ताबा दुरून, इंटरनेटमार्फत घेऊन दाखवला होता आणि त्यानंतर सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. ब्रेक आणि स्टिअरिंग जर जाळ्यावरून आलेल्या आज्ञा ऐकत असतील, तर आज्ञा देणारा कोण हे तपासलेच पाहिजे. माझी तक्रार कुलपाबद्दल नाही, किल्ली देण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

लॉगिनसाठी त्या गाडीच्या कंपनीच्या अटींनुसार ओळखपत्र, वर्कशॉपची नोंदणी आणि आधुनिक निदानाच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हवे होते. प्रशिक्षण मी आधीच घेतले होते आणि ते सुरळीत पार पडले. विद्युत गाड्यांतील उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबल, हातमोज्यांत हवा भरून गळती पाहणे, सर्व्हिस प्लग काढल्यावर कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबणे हे सर्व नीट शिकवले गेले. अर्ज भरायला बसलो तेव्हा हे काम एका संध्याकाळचे आहे, असे मला वाटले होते.

पहिल्या अर्जाचे उत्तर आठ दिवसांनी आले: “पडताळणी पूर्ण होऊ शकली नाही.” एवढेच. कोणत्या कागदाची पडताळणी, त्यात उणीव काय, पुढे काय करायचे, याचा एका शब्दाने उल्लेख नव्हता. ओळखपत्राचा फोटो अस्पष्ट असेल असे समजून मी सगळे कागद उजेडात ठेवून, चारही कडा दिसतील अशा रीतीने पुन्हा स्कॅन केले आणि दुसरा अर्ज पाठवला. नऊ दिवसांनी तेच वाक्य परत आले. मदतीच्या पत्त्यावर लिहिले, तर अर्ज पुन्हा भरावा असे ठरावीक उत्तर मिळाले. फॉल्ट कोडसुद्धा किमान कोणत्या सर्किटकडे पाहायचे ते सांगतो. इथे तेवढाही आधार नव्हता.

या काळात गेटवेला वळसा घालणारी एक केबल मला दाखवण्यात आली आणि ओळखीच्या एका कारागिराने स्वतःचे लॉगिनही देऊ केले. दोन्ही मी नाकारले, आणि तुम्हीही नाकारावे असे कळकळीने सांगतो. कोणी, कोणत्या गाडीवर, केव्हा, काय केले याची नोंद लॉगिनच्या नावावर होते. ब्रेकच्या कामात उद्या काही विपरीत घडले, तर दुसऱ्याच्या नावाआड उभे राहणे मला मान्य नाही. ती गाडी मी तशीच परत पाठवली. सव्वीस वर्षांत पॅडसाठी आलेली गाडी परत पाठवण्याची ती पहिलीच वेळ होती आणि ती गोष्ट मला फार लागली.

तिसरा अर्ज भरण्यापूर्वी मी हट्टाने फोन केला. बराच वेळ थांबल्यावर एका कर्मचारी बाईंनी माझे कागद उघडून पाहिले आणि दोन मिनिटांत उलगडा केला: प्रमाणपत्रावर माझ्या नावाची केवळ आद्याक्षरे होती आणि ओळखपत्रावर पूर्ण नाव होते. दोन्हींची तुलना संगणक करत होता आणि न जुळल्यावर अर्ज फेटाळत होता. प्रशिक्षण संस्थेकडून पूर्ण नावाचे प्रमाणपत्र मिळाल्यावर तिसरा अर्ज चार दिवसांत मंजूर झाला. कारण पहिल्याच उत्तरात लिहिले असते, तर बरेच दिवस वाचले असते. म्हणून प्रशिक्षणाला नाव नोंदवतानाच ओळखपत्रावरचे नाव अक्षरशः तसेच लिहा, आणि पहिल्या नकारानंतर ईमेलवर न विसंबता थेट माणसाशी बोला.

परवानगी मिळाल्यावर पुढच्याच तशा गाडीची मोटर पहिल्या आज्ञेत मागे सरकली. तो आवाज ऐकून झालेला आनंद लपवण्यासारखा नव्हता.

प्रशिक्षणातील एक गोष्ट आता आठवली, तीही सांगतो. जाळ्यात बिघाड असलेल्या गाडीवर वर्गातील तरुण मुले कोड वाचून थेट ईसीयू बदलण्याचा विचार करत होती. मी बॅटरी सोडवली आणि सोळा पिनांच्या सॉकेटमधील ६ आणि १४ या पिनांमध्ये मल्टिमीटर लावला. ईसीयूंना जोडणाऱ्या कॅन नावाच्या जाळ्याच्या त्या दोन तारांच्या टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक असतो, त्यामुळे मीटरवर सुमारे ६० ओहम दिसायला हवेत. मला १२० दिसले, म्हणजे एका टोकाचा संबंध तुटलेला होता. शोधल्यावर कनेक्टरमधील गंजलेली पिन सापडली. या कामात नवीन होते ते मोजण्याचे ठिकाण आणि आकड्याचा अर्थ. मोजणारा हात जुनाच होता, आणि याचा मला अभिमान आहे.

ईसीयूमध्ये प्रोग्रॅम भरताना बॅटरीला स्थिर पुरवठा देणारे उपकरण जोडलेले असू द्या, कारण मध्येच व्होल्टेज घसरले तर ईसीयू कायमचा निकामी होऊ शकतो. परवानगीला मुदत असते, हेही मला मंजुरीच्या पत्रातूनच कळले. नूतनीकरणाची तारीख मी लिफ्टशेजारच्या भिंतीवर लिहिली आहे आणि पूर्ण नावाच्या प्रमाणपत्राची प्रत तिच्याखालीच अडकवली आहे.