आईची वारी, काकूंचा फाटा

मी काही भाविक वगैरे नाही, आधीच सांगते. तालुक्याच्या गावात मेडिकल स्टोअर चालवते, सकाळी नऊ ते रात्री साडेनऊ, एकादशीला उपास धरला तर साबुदाण्यासाठी धरते. वारी आईची होती. वर्षातले साधारण वीस दिवस ती आमची नसायची. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींच्या पालखीचं आळंदीहून प्रस्थान, त्याच्या आदल्या दिवशी ती तिच्या माहेरच्या दिंडीच्या ट्रकमधे बसून जायची आणि आषाढी झाली की एसटीने परत, काळी पडलेली, आवाज बसलेला, पिशवीला चिखल. अण्णा स्टँडवर घ्यायला जायचे आणि ती एकटीच उतरायची. हे एकटीच उतरायचं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

2020 आणि 2021 ला पायी वारी झालीच नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. 2020 ला आई रोज पहाटे अंगणात फेऱ्या मारायची आणि संध्याकाळी सांगायची, आज सासवड आलं, आज वाल्हे आलं. आम्ही हसायचो. मग रात्री अंगणातल्या कट्ट्यावर बसून कुणाला तरी फोन करायची, "पोचलीस का गं? पाय बरेत का?" मी विचारलं कुणाशी बोलतेस तर म्हणाली राँग नंबर होता. राँग नंबरला कुणी पाय बरेत का विचारतं का, पण मी दुकानाच्या हिशेबात होते, सोडून दिलं.

2021 च्या एप्रिलमधे ती गेली. कोविड. त्याबद्दल नाही लिहीत.

2022 ला वारी परत सुरू होणार म्हटल्यावर दिंडीच्या महाराजांचा फोन आला, आईची भिशी (म्हणजे दिंडीतल्या जेवणा-मुक्कामाचे पैसे) भरलेली आहे, 2020 ची, परत घेऊन जा नाहीतर कुणीतरी या चालायला. भाऊ नोकरीचं कारण सांगून मोकळा झाला. मी दुकान पोराच्या (म्हणजे कामाला असलेल्या पोराच्या) हवाली केलं, आईची ट्रंक उघडली, तिचा टाळ काढला आणि 21 जूनला आळंदीत उभी राहिले. टाळ चांगला जड, कडा घासून गुळगुळीत झालेल्या, आणि दोरीच्या जागी हिरव्या साडीचा जरीचा काठ पिळून बांधलेला. आईकडे अशी साडी कधी पाहिल्याचं आठवेना.

दिंडीत पहिल्याच दिवशी समोर कोण, तर काकू. आणि त्यांची बॅग धरून तो.

आता मागचं सांगावं लागणार. 2001 साली आमचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे आधी आमचं आमचं ठरलं होतं, कॉलेजपासून, आणि मग घरच्यांनी रीतसर सुपारी फोडली. तो नुकताच शिक्षणसेवक म्हणून लागला होता, महिना 3,000 मानधन, पण मला त्याचं काही नव्हतं. आणि साखरपुड्याच्या आठ दिवस आधी अण्णा संध्याकाळी घरी आले, चप्पल न काढता ओसरीवर बसले आणि म्हणाले, ते 2 लाख आणि मोटरसायकल मागतायत, त्याच्या आईचा हट्ट आहे. मी अशी काही पेटले की विचारू नका. त्याला भेटलेसुद्धा नाही. साखरपुड्यासाठी त्यांनी आणलेली साडी माघारी पाठवली. पुढच्या वर्षी मामाने आणलेल्या स्थळाला हो म्हटलं, पाच वर्षांनी तिथून परत आले, आणि तेव्हापासून ती दोन घरं एकाच गावात राहून एकमेकांना न दिसल्यासारखी राहतात. त्याची आई बाजारात दिसली तर मी भाजीचा गाळा बदलायचे. हुंडा मागणारी बाई म्हणून मनात एकच शिक्का.

आणि ही बाई आईच्या दिंडीत? विणेकरी बाबांना विचारलं तर ते उलट माझ्याकडेच बघायला लागले. "अगं तुझी आई आणि ही एका ताटात जेवायच्या. मला तर बहिणी वाटायच्या."

पुण्यापर्यंत मी बोललेच नाही. पण वारीत न बोलणं फार अवघड आहे हो, कारण तिथे कुणाला नावच नसतं, सगळेच माउली. माउली सरका, माउली पाणी, माउली तुमची चप्पल. तो पण "माउली, जरा बॅग धरता का" म्हणाला आणि मी धरली, आता माउलीला नाही कसं म्हणणार. एकवीस वर्षांनी पहिलं वाक्य हे. आणि धरता का! कॉलेजात मला "ए शहाणे" म्हणायचा.

दिवे घाट हा पुणे ते सासवड या सगळ्यात लांबच्या टप्प्यात येतो. टीव्हीवर वरून काढलेला शॉट दिसतो ना, पताका आणि पांढऱ्या टोप्यांची नदी, आत असलं की त्यातलं काही दिसत नाही, दिसते फक्त पुढच्या माणसाची पाठ आणि तिच्यावर वाळलेला घाम. काकूंचे गुडघे गेलेले, म्हणून यावर्षी मुलगा शाळेतून रजा काढून बरोबर आला होता. त्याची बायको सहा वर्षांपूर्वी आजारात गेली हे गावात ऐकलं होतं, मुलगी पुण्यात शिकते. घाटात त्याने हे सगळं न विचारता सांगितलं, मी फक्त हं हं केलं. औषधाच्या दुकानात बसून मला ती सवय लागलीय, लोक आपणहून सगळं सांगतात.

सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा नदीत पादुकांचं स्नान, लोणंद, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. यावर लिहिणारे खूप आहेत, मी सोडते. मला जास्त आवडली ती समाजआरती. तळावर संध्याकाळी सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा एवढा गजर की छातीत घुमतो, आणि चोपदार हातातला चोप वर करतात. एका क्षणात चिडीचूप. एवढी माणसं आणि चिटपाखराचाही आवाज नाही. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती थांबत नाही, टाळ वाजवतच राहते, मग चोपदार तिच्यापाशी जाऊन ऐकून घेतात. तरडगावला मागे कुठलीतरी दिंडी वाजवत राहिली होती. तक्रार काय, तर पाण्याचा टँकर आला नाही. त्यानंतर हरवल्या-सापडल्याचा पुकारा. पिशवी, चष्मा, पाकीट. मी आईचा टाळ हातात धरून उभी होते आणि मला खरंच वाटत होतं की आपण पण वाजवत राहावं, थांबूच नये, कुणीतरी यावं आणि विचारावं की तुझं काय म्हणणं आहे बाई.

नातेपुत्याला रात्री पाऊस लागला. राहुटीत पाणी शिरत होतं, बायका पिशव्या उचलून उशाशी घेत होत्या, मोबाईल चार्जिंगवरून ट्रकपाशी नेहमीची भांडणं. काकूंच्या टाचेला रुपयाएवढा फोड आला होता. वारीतली जुनी रीत म्हणजे सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढायचा आणि दोरा तसाच आत ठेवायचा, पाणी दोऱ्यावाटे झिरपत राहतं. मी म्हटलं काकू असलं करू नका, दोऱ्याने पू होईल, माझ्याकडे ड्रेसिंग आहे. त्या म्हणाल्या, "तुझी आईपण असंच म्हणायची, माझी पोर मेडिकलवाली आहे, ती रागावेल. आणि मग स्वतःच ओवायची." आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला. मी डेटॉलने टाच पुसली. भेगांमधे माती इतकी खोल गेलेली की कापूस काळा होऊन यायचा, दुसरा घ्यायचा, तोही काळा. शेवटी मीच सुई ओवली. बोलायला सुरुवात त्यांनी केली, बहुतेक मला वर बघावं लागत नव्हतं म्हणून.

2 लाख कुणी मागितलेच नव्हते. माझा काका पतसंस्थेच्या कर्जात बुडाला होता आणि अण्णा त्याला जामीन होते. लग्नाचे म्हणून ठेवलेले पैसे गेले, वर दोन एकर गेलं, आणि हे अण्णांना घरात सांगता येईना. मग आम्हाला सांगितलं की ते हुंडा मागतायत, आणि तिकडे निरोप धाडला की मुलगीच नाही म्हणते, तिला मास्तर नको. दोन्हीकडे आग लावून मधे स्वतः उभे राहिले, म्हणजे कुणाला दिसायला नको.

आईला हे दोन वर्षांनी कळलं. 2003 च्या वारीत ती या दिंडीत शोधत शोधत काकूंपाशी आली (काकू दरवर्षी वेगळ्या दिंडीतून चालायच्या, त्या वर्षी आईच्या माहेरच्या दिंडीत होत्या) आणि दिवे घाटात त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडली. कुणाला काही वाटलं नाही, वारीत सगळेच सगळ्यांच्या पाया पडतात. आई म्हणाली मी गावात जाऊन सांगते. काकू म्हणाल्या नको. "तुझं लग्न झालेलं, माझ्या घरात सून आलेली. सांगून काय होणार होतं गं? तुझ्या बापाने विहीर जवळ केली असती. माझं नाव काय, खराब झालंच होतं."

त्या वर्षापासून दोघींनी दिंडी एकच धरली. गावात ओळख द्यायची नाही आणि वाटेवर एका ताटात जेवायचं. माघारी गेलेल्या साडीचा काठ काढून दोन तुकडे केले, काकूंच्या टाळालाही तोच बांधलेला, त्यांनी दाखवला. आणि परत येताना एकाच एसटीत बसायच्या, पण काकू गावाच्या अलीकडे फाट्यावर उतरायच्या, तिथून दोन किलोमीटर चालत, अडीचशे किलोमीटरच्या वर आणखी दोन. स्टँडवर अण्णा असायचे ना.

मला काय वाटलं? राग. आईचा जास्त. मी परत आले तेव्हा तरी सांगायचंस ना. दीड दिवस मी काकूंशीसुद्धा बोलले नाही, त्या बिचाऱ्यांचा काय दोष. पुरंदवड्याला गोल रिंगण, माउलींचा अश्व धावतोय, लोक टापांखालची माती कपाळाला लावतायत आणि मी गर्दीतून बाहेर येऊन अण्णांना फोन लावलेला. सगळं तोंडावर आलं होतं. तिकडून आवाज, "अगं, माझ्या बीपीच्या गोळ्या कुठे ठेवल्यास?"

"फ्रिजवरच्या डब्यात."

"बरं. जेवतेस का वेळेवर?"

ठेवला फोन. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, एकटा, डबा शोधत उभा. मला नाही जमलं. माफ केलं असं काही नाही, फक्त फोनवर जमलं नाही.

वेळापूरच्या आधी उतार लागतो. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले असं सांगतात, म्हणून सगळे वारकरी तिथे धावा करतात. सत्तरीच्या म्हाताऱ्या धोतर-लुगडी सावरत सुटतात, तुम्ही उभं राहायचं म्हटलं तरी गर्दी ढकलत नेते. माझा पाय मुरमावर घसरला आणि मागून आवाज आला, "अगं, बघून!"

अगं. माउली नाही, अहो नाही. त्याच्या पण लक्षात आलं असणार, कारण दंड पकडलेला हात त्याने एकदम सोडला आणि मी त्यामुळे खरंच पडले. गुडघा फुटला. माझ्याच पिशवीतलं बेटाडीन काढून त्याने एवढं ओतलं की साडी कायमची पिवळी झाली.

भंडीशेगावच्या वाटेवर मी त्याला सगळं सांगितलं, काकूंनीच सांगितलं होतं की आता तू सांग, माझ्याच्याने व्हायचं नाही. तो बराच वेळ गप्प चालला. एका चहाच्या टपरीपाशी थांबला, दोन चहा घेतले आणि एकदम म्हणाला, "मोटरसायकल?"

"हो. 2 लाख आणि मोटरसायकल."

"मला मोटरसायकल येते का?"

आणि मला आठवलं, याला कधीच येत नव्हती. कॉलेजला सायकल, शाळेत सायकल, आजही गावात सायकलवर दिसतो. एकवीस वर्षं मी त्या मोटरसायकलवर चिडून होते आणि एकदाही डोक्यात आलं नाही की हा ती चालवणार कसा. आम्ही दोघं इतकं हसलो की टपरीवाला म्हणाला माउली, कप सांभाळा. मग तो हसायचा थांबला आणि मी पण. तो म्हणाला तू एकदा येऊन विचारायचंस. मी म्हटलं तू यायचंस. बस, भांडण एवढंच झालं.

पंढरपुरात पदस्पर्शाची रांग बघूनच आम्ही नाद सोडला. नामदेव पायरीला हात लावला, कळसाला हात जोडले, चंद्रभागेत काकूंनी आईच्या टाळाला पाणी लावलं आणि पदराने पुसला. त्याने पोरीला व्हिडिओ कॉल केला, फोन माझ्याकडे वळवला आणि नुसतं म्हणाला, "या त्या." पोरगी म्हणाली, "ओके बाबा, शेवटी." म्हणजे तिला काहीतरी माहिती होतं, कधीपासून ते मी अजून विचारलेलं नाही.

परतीच्या एसटीत तिघांना एकच सीट मिळाली, काकू खिडकीपाशी, मी मधे. गाव जवळ आलं तसा अण्णांचा फोन, स्टँडवर येऊन उभा आहे, किती वेळ? मी म्हटलं दहा मिनिटं. काकूंना ऐकू गेलं असणार. फाट्याआधीच्या वळणावर कंडक्टर ओरडला, फाटावाले पुढे या. एक माणूस कोंबड्यांची पाटी घेऊन उठला. मी बॅगेकडे हात नेला, काकूंची पिशवी त्यांना काढून द्यायला.

"काकू, फाटा आला."

"हं, आला," त्या म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. कंडक्टरने दोनदा बेल मारली.