अब्राचे अभ्रे

आमच्या गोदामात मागच्या भिंतीला एक खोकं आहे. त्यावर माझ्याच अक्षरात 'शिवणीवाले' असं लिहिलंय. आत ६० उशांचे अभ्रे होते, आता ४१ उरलेत. माझ्या पहिल्या स्वतंत्र खरेदीची ही कमाई. बाबा येता-जाता त्या खोक्याला हात लावून जातात, बोलत काही नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

धंदा मुळात आत्याचा. ती आणि बाबा मिळून हातमागाचं कापड, भरतकाम, मातीची भांडी बाहेरून आणायचे. मी आणि माझा भाऊ नंतर आलो. भाऊ कागदपत्रं बघतो, मी माल. आत्याचे गुडघे बोलायला लागले तशी उझबेकिस्तानची फेरी माझ्याकडे आली. निघताना तिने एकच सांगितलं, "अगं, आधी मागाजवळ जाऊन बस. दुकानात सगळंच छान दिसतं."

मी बसले नाही. पहिल्या खेपेला ताश्कंदमध्ये दोन दिवस नमुने बघितले, शंभरेक फोटो काढले, आणि परत आल्यावर फोनवरून ऑर्डर दिली: अद्रास या तिथल्या हातमागाच्या कापडाचे अभ्रे, ५० बाय ५० सेंटिमीटर.

माल आला. प्रत्येक अभ्र्याला एका कडेने दहा-बारा सेंटिमीटरची पट्टी जोडलेली. पट्टीवरची नक्षी शेजारच्या नक्षीशी जुळत नव्हती. लाल डाळिंब अर्ध्यावर यायचं आणि शिवणीपलीकडे हिरवं काहीतरी सुरू व्हायचं. मी तावातावाने फोन केला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "माग चाळीसचा आहे." एवढंच. खरंच की. मी पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, विचारलाच नव्हता, आणि मी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या खेपेला मात्र ताश्कंदला उतरून हे कापड जिथे विणतात त्या मार्गिलानची थेट गाडी पकडली. फरगाना खोऱ्यात शिरताना ही गाडी कामचिकच्या डोंगराखालून जाते. बोगदा एकोणीस किलोमीटरचा, २०१६ मध्ये सुरू झालेला. त्या अंधारात मी वहीत प्रश्न लिहून काढले. पहिला प्रश्न, पन्ना किती. दुसरा, पन्ना नक्की किती.

मार्गिलानला एका घरगुती कारखान्यात तीन दिवस बसले. अद्रासमध्ये ताणा, म्हणजे उभे धागे, रेशमाचा; बाणा, म्हणजे आडवे, सुताचा. दोन्हीकडे रेशीम घेऊन विणलं आणि पोत तुळतुळीत आला की ते अतलस. गंमत अशी की नक्षी विणताना होतच नाही. ताण्याचे धागे आधी चौकटीवर ताणतात, त्यांच्यावर खुणा करतात, आणि जिथे रंग लागायला नको तिथे घट्ट बांधतात. मग आधी पिवळा, मग लाल, हे गरम रंग, आणि शेवटी निळीचं थंड पाणी. दर रंगाला काही गाठी सुटतात, काही नव्या बसतात. बांधणाऱ्या म्हाताऱ्या उस्तांची, म्हणजे कारागिरांची, बोटं निळी-तांबडी होती. माझ्याशी बोलताना त्यांनी एकदाही हाताकडे बघितलं नाही, गाठी आपोआप पडत होत्या. रंग गाठीखाली थोडासा झिरपतो, म्हणून या नक्षीची कड कधीच रेघेसारखी येत नाही, पिसासारखी उसवलेली येते. नकली माल ओळखायचा तो इथेच. छापलेल्या कापडाची कड नको इतकी साफ असते आणि उलटी बाजू फिकट दिसते. खरं कापड दोन्हीकडून सारखंच बोलतं. रेशमाची शंका आली तर धागा ओढून जाळायचा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरडली गेली तर ठीक. वितळून मणी झाला तर चहा पिऊन निघायचं.

तिथे या नक्षीला 'अब्र' म्हणतात. अब्र म्हणजे ढग. आपलं 'अभ्र' ते हेच, संस्कृत आणि फारसीतले सख्खे भाऊ. अभ्र्यांसाठी अब्र आणायला गेलेली बाई ढगाला पन्नास सेंटिमीटरच्या चौकटीत बसवायला निघाली होती. हे मला तिसऱ्या दिवशी सुचलं आणि मी एकटीच हसत बसले.

शब्दांची अशी गंमत तिथे पदोपदी होते. 'नमुना' म्हटलं की नमुनाच येतो, 'तयार' म्हटलं की तयार, 'हिशोब' म्हटलं की पाकीट काढायचं. त्याच भरात मी कारखान्याच्या मालकीणबाईंना म्हटलं, अंदाज सांगा. त्यांना मी 'ओपा' म्हणते, म्हणजे ताई. मला म्हणायचं होतं, किती दिवस लागतील ते अदमासे सांगा. ओपा आत गेल्या आणि कापायचा पुठ्ठा घेऊन आल्या. त्यांच्याकडे 'अंदोझा' म्हणजे साचा, मापाचा नमुना. त्यांनी पुठ्ठा मागावर चालू असलेल्या कापडावर आडवा ठेवला. पुठ्ठा दोन्हीकडून बाहेर आला. तो माझाच, पन्नासचा होता. त्या काही बोलल्या नाहीत, पुठ्ठा तसाच धरून उभ्या राहिल्या. शेवटी मीच कात्री मागितली. माग चाळीसचा, दोन्हीकडे शिवणीला एकेक सेंटिमीटर, म्हणून उशी अडतीसची. लांबी हवी तेवढी घ्या. हे गणित चौथीतलं पोर करेल. मला साठ अभ्रे लागले.

दिवसांचा अंदाज काही शेवटपर्यंत मिळाला नाही, आणि त्याचं कारण नंतर कळलं. वसंतात खोऱ्यातल्या कितीतरी घरांत रेशमाचे किडे असतात. कालव्याकाठी तुतीची बुटकी, छाटलेली झाडं रांगेने उभी असतात, ती त्यासाठीच. महिनाभर किड्यांना रात्रंदिवस पाला घालावा लागतो, आणि शेवटच्या दिवसांत तर ते थांबतच नाहीत. त्या काळात बायकांच्या हाती सुई येणार कुठून? माझ्या भरतकामाची तारीख मी नेमकी तेव्हाची लावून ठेवली होती.

भरतकाम म्हणजे सुझनी. त्यासाठी मी बुखाऱ्याला गेले. कापडाच्या अरुंद पट्ट्या आधी सैल टाक्यांनी जोडतात, त्यावर नक्षी काढणारी बाई पूर्ण चित्र रेखते, मग पट्ट्या उसवून वेगवेगळ्या बायकांना भरायला देतात. एक पट्टी सुनेकडे, एक शेजारणीकडे. भरून झाल्या की पुन्हा जोडायच्या. त्यामुळे मधलं मोठं फूल डावीकडे गडद आणि उजवीकडे जरा फिकट, पाकळी शिवणीवर अर्ध्या बोटाने घसरलेली. मी एका दुकानात एक सुझनी उलटी करून शिवण बघत होते. दुकानदार म्हणाला, "न जुळणारी शिवण दिसली की समजा हाताची आहे." विकणारा असंच म्हणणार. पण यात तो खोटं बोलत नव्हता. मला मात्र गोदामातलं खोकं आठवत होतं.

जुन्या सुझन्या बघून जीव जातो. आवरला. जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला तिथे प्रमाणपत्र लागतं, आणि विकणारा 'काही होत नाही' म्हणाला की हमखास काहीतरी होतं.

रिश्तान या कुंभारांच्या गावच्या निळ्या ताटल्यांबद्दल थोडक्यात. प्रत्येक ताटली बोटाच्या पेरावर तोलून टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर घ्यायची, बद्द वाजली तर आत तडा आहे. खोक्यात ताटल्या कधी आडव्या रचायच्या नाहीत, कडेवर उभ्या लावायच्या. आणि झिलईतलं शिसं प्रयोगशाळेत तपासून होईपर्यंत त्या भिंतीवरच्या म्हणूनच विकायच्या, गिऱ्हाईक कितीही गोड बोललं तरी. हे तिन्ही आत्याने शिकवलं. चौथं मी पदरमोड करून शिकले. लाकडी पेटीचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं हवं आणि तसा शिक्का पेटीवर हवा, नाहीतर आतला माल कितीही चोख असो, पेटी बंदरात अडते. आमची अडली. पेटीवाल्याने शिक्का मारतो म्हणून सांगितलं होतं, आणि मी पेटी बंद होताना बघायला थांबले नव्हते.

दरपत्रक भावाला पाठवलं तर त्याचा लगेच फोन. "एफओबी दर लिहिलाय यांनी. म्हणजे माल बोटीवर चढवेपर्यंतचा खर्च त्यांचा. अगं, त्यांना समुद्रच नाही! त्यांच्या शेजाऱ्यांनाही नाही. बोट आणणार कुठून?" खरंच, समुद्राला पोचायला दोन देश ओलांडावे लागतात असे जगात दोनच देश आहेत, उझबेकिस्तान आणि लिख्टेनश्टाइन. आम्ही दर एफसीए करून घेतला, म्हणजे ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराच्या ताब्यात देईपर्यंत त्यांची जबाबदारी. भाऊ त्या दिवशी फार खूश होता.

अडतीसचे अभ्रे गेल्या महिन्यात आले. एकही पट्टी नाही, ढग या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड. बाबांनी एक हातात घेऊन उलटासुलटा केला, परत ठेवला आणि विचारलं, "पन्नासची उशी आहे त्यांनी काय करायचं?" मी म्हटलं, मागच्या खोक्यात आहेत ना.

परवा आत्या आली होती. काठी टेकत सरळ त्या खोक्याकडेच गेली. एक अभ्रा काढला, खिडकीपाशी नेला, पट्टीच्या जोडावरून नख फिरवलं.

"शिवण सरळ मारलीये गं मात्र," म्हणाली, आणि दोन पिशवीत टाकून घेऊन गेली.